वेशीपलीकडून आलेला होकार

शेटे अप्पा चहासुद्धा एकदा सांगून थांबत नसत. आमचं ऑफिस बीडला, पहिल्या मजल्यावर. खाली चांदभाईची टपरी. अप्पा खिडकी उघडून ओरडायचे, "चांदभाई, दोन कट, एक बिनसाखरेचा!" चांदभाईनं नुसती मान हलवलेली अप्पांना चालत नसे. "परत सांगा!" मग चांदभाई किटली खाली ठेवायचा, कमरेवर हात द्यायचा आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणायचा, "दोन कट, एक बिनसाखरेचा, और शेटे अप्पा का आधा दिमाग!" अप्पा समाधानानं खिडकी लावून घ्यायचे. ऑर्डर बरोबर पोचली होती ना, मग झालं.

घरीही तेच. अक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी, एकदा मला म्हणाल्या, "लग्नात जंगमस्वामीला बी ह्यांनी मंतर परत म्हणायला लावलंतं. मांडवातली माणसं हसून हसून खाली बसली. मला वाटलं, नवरा भैरा हाय का काय."

अप्पा बहिरे नव्हते. उलट मशीनच्या पंख्याचा आवाज जरा बदलला तरी ते वळून बघायचे. हे परत सांगायला लावण्याचं वेड कुठून आलं, ते मला पुढं कळलं. आधी मी त्यांच्याकडे कशासाठी गेलो ते सांगतो. ते सांगायला मला फार बरं वाटत नाही, पण खरं आहे ते आहे.

मी गेलो होतो त्यांची खुर्ची घ्यायला.

आमची कंपनी इंटरनेट वाहून नेणारी. बीडच्या केंद्राचे प्रमुख शेटे अप्पा. कडा गावच्या किराणा दुकानदाराचा हा मुलगा, शिक्षण दहावी. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागला आणि काम शिकत शिकत राउटरपर्यंत आला. मुख्य ऑफिसनं नवा नियम काढला की केंद्रप्रमुखाकडे डिग्री पाहिजे, नाहीतर एक सर्टिफिकेट परीक्षा पास झालेली पाहिजे. अप्पा ती परीक्षा एकदा नापास झाले होते. आणखी एकच संधी होती. तीही गेली तर त्यांना केंद्रातून काढून केबलच्या खड्ड्यांवर देखरेखीला पाठवायचं आणि खुर्चीवर मी बसायचं, असं माझ्या नेमणुकीच्या पत्रातच लिहिलं होतं. अप्पांच्या रिटायरमेंटला तेव्हा दोनच वर्षं उरली होती.

मी चकलांब्याचा. आई-वडील ऊसतोडीला जायचे. आमच्या घरात, भावकीत, अख्ख्या गल्लीत पहिला ग्रॅज्युएट मी. वडिलांनी डिग्रीला काचेची फ्रेम करून दिली होती. पहिल्याच दिवशी ती मी पिशवीत घालून ऑफिसात नेली. आज हसू येतं, पण त्या दिवशी हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

अप्पांनी कपाळावरचं भस्म सावरत फ्रेमकडे बघितलं. "हे काय लिहिलंय, वाचून दाखव."

मी इंग्रजीतलं सगळं वाचून दाखवलं. मग त्यांनी बोट ठेवून ठेवून शब्द न् शब्द माझ्यामागं म्हटला आणि विचारलं, "घरातला पहिलाच का?"

"पहिलाच."

"मग आणखी वर लाव. तितं खाली दारातून दिसत न्हाई." स्वतः स्टुलावर चढून त्यांनी खिळा ठोकला. खाली उतरले, हात झटकले आणि म्हणाले, "माझ्याच खुर्चीवर आलाय ना बे तू? मग वढ आन् बस. मी उभ्यानं बी शिकवतो."

टोमणा शोधायला मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तो तिथं नव्हता.

त्यांनी मला शिकवलं ते सोप्या भाषेत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. नेटवर्कचे भाग पाडलेले असतात, त्यांना आम्ही एरिया म्हणतो. आमचा बीडचा एक, पुण्याचा एक आणि सगळ्यांना जोडणारा मधला एक. प्रत्येक राउटरकडे फक्त आपल्या एरियाचा पूर्ण नकाशा असतो. बाहेरचं त्याला एवढंच ठाऊक, की पुणं अमुक दिशेला आहे. सगळ्यांनी सगळ्या राज्याचा नकाशा बाळगायचा म्हटलं तर दर मिनिटाच्या बदलांनी मशीनचं डोकं फुटेल. दोन एरियांच्या हद्दीवर जो राउटर बसतो त्याला मात्र दोन्हीकडचं दिसतं. अप्पा त्याला 'वेस' म्हणायचे. आमच्या एरियाला वेशी दोन होत्या. एक बीडची, दुसरी कड्याची, नगरकडच्या तोंडाला.

साधी माहिती आपली आपण जवळची वाट धरून जाते. पण काही ग्राहकांना खात्रीची वाट लागते. त्यांच्यासाठी किती जागा आणि कुठून, हे आधी बांधून ठेवायचं. त्या राखीव वाटेला टनेल म्हणतात. आता आमच्या एरियातल्या तेलगावचा राउटर टनेल बांधायला निघाला पुण्यापर्यंत, तर त्याला पुण्याच्या आतल्या गल्ल्या दिसतच नाहीत. मग वाट लिहायची कशी?

"वेशीपर्यंत आपण लिहायचं," अप्पा म्हणायचे. "पुढं नुसतं म्हणायचं, पुण्याच्या वेशीला जा. मधली वाट मधले काढतील, गल्ल्या पुण्याची वेस काढंल. दुसऱ्याच्या गावात शिरून कोणत्या बोळातून जा म्हणून सांगणारे आपण कोण?"

मागणी अशी वेशीवेशीनं पुढं जाते. पण मागणी गेली म्हणजे वाट झाली असं नाही. ती शेवटच्या राउटरला पोचते आणि तिथून होकार उलटा निघतो. प्रत्येक राउटर आपल्या मागच्याला सांगत येतो, "जागा धरली, माझ्याकडं पाठवताना ह्या नंबरचं लेबल लाव." तो नंबर त्या दोघांपुरताच. पुढच्या दोघांचा वेगळा. असं करत होकार तेलगावला परत पोचला, की टनेल झालं.

मी एकदा सहज म्हणालो, "अप्पा, कॉलेजात हे समजायला मला अख्खं सेमिस्टर लागलं. तुम्हाला कुणी शिकवलं?"

"नगरच्या बाईंनी."

आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. ते कड्याच्या टेलिफोन एक्सचेंजला नवे लागलेले. ट्रंक कॉलचा काळ. मुंबईला बोलायचं तर कडा नगरला मागायचं, नगर मुंबईला मागायचं. मुंबईनं लाइन दिली की नगरच्या ऑपरेटर बाई सांगायच्या, "कडा, तुमचा लागला, चार नंबरवर घ्या." त्या बाईंना अप्पांनी कधी बघितलं नव्हतं. नुसता आवाज.

"एक भांड्यांचा दुकानदार आलता," अप्पा म्हणाले. "भाऊ मुंबईला दवाखान्यात. सारखा म्हणायचा, लागला का, लागला का. बाई पलीकडून म्हणल्या, मागते. मी आपलं घाईघाईत त्याला म्हणलं, लागला, बोला. त्यानं रिसिव्हर धरला. 'आण्णा, आण्णा' म्हणतोय, पलीकडं कोण हाय? लाइनच न्हाई तर आण्णा कुठून बोलंल? तीन मिनिटं म्हणत राह्यला. मग रिसिव्हर ठिवला आन् फरशीवरच बसला. म्हणला, आण्णा गेला."

मी विचारलं, "मग?"

"मग घंटी वाजली. बाई म्हणल्या, कडा, आता लागला. आण्णा सोता लाइनवर! विचारतोय, गाय व्याली का." अप्पा हसले नाहीत. "त्या तीन मिनिटात मी एका जित्या माणसाला मारलतं, बे इंजिनिअर. तवापासून ठरवलं. पलीकडून परत आल्याबिगर 'लागला' म्हणायचं न्हाई. कशालाच न्हाई."

आणि खरंच म्हणत नसत. स्क्रीनवर टनेल हिरवं दिसलं तरी ते शेवटच्या टोकाला फोन लावायचे. पुण्याला जोशी म्हणून होते, मधल्या एरियाला फरीदा मॅडम. दोघांनाही त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. "बीड बोलतोय," म्हणायचे, नाव सांगत नसत. पलीकडून टनेलचं नाव, जागा, सगळं वाचून घ्यायचे. मग एक श्वास सोडून म्हणायचे, "लागला." त्या एका शब्दात त्यांचा दिवस भरायचा.

आता माझी चूक.

तेलगावजवळच्या एका दवाखान्याचं काम आमच्याकडे आलं. तिथल्या स्कॅनची चित्रं पुण्याच्या डॉक्टरांना तिथल्या तिथं दिसली पाहिजेत, मग ते सांगणार पेशंटला हलवायचं का नाही. अप्पा त्या आठवड्यात एका लग्नाला कड्याला गेले होते. टनेल मी एकट्यानं बांधलं. माझ्याकडे कॉलेजच्या मित्रानं पाठवलेला सगळ्या राज्याचा नकाशा होता. मी म्हटलं, वेशीवर कशाला सोडायचं? तेलगावपासून पुण्याच्या शेवटच्या गल्लीपर्यंत एकूण एक राउटर मी नावानिशी लिहिला, ह्याच्यानंतर हाच. आमच्या राउटरला पुढचं दिसत नव्हतं, म्हणून तो आधी नाही म्हणाला. तर त्याला मी हुकूमच दिला, की तपासू नको, लिहिलंय तसं पाठव. टनेल पहिल्या झटक्यात झालं. मी दिवसभर छाती काढून फिरलो.

अप्पा आले, स्क्रीन बघितली. "पुण्याच्या गल्ल्या तू कावून लिहिल्यास?"

"नकाशात आहेत की, अप्पा."

"नकाशा कवाचा?"

मी नकाशावर तारीख शोधायला लागलो.

"पुसून टाक. दोन वेशी लिही, बास."

"हो, करतो," म्हणालो आणि केलं नाही. चालू आहे ते कशाला मोडायचं? खरं सांगायचं तर, दहावी शिकलेल्या माणसानं माझं काम पुसायला सांगितलं, ते मला लागलं होतं.

पुढं थोड्याच दिवसांनी पुण्याच्या जोशींनी एक जुना राउटर बदलायला काढला. त्यांच्याकडच्या बाकी सगळ्या वाटा आपल्या आपण शेजारच्या गल्लीतून वळल्या. माझी एकटी पडली. तिला त्याच राउटरवरून जा म्हणून बजावलेलं आणि तो तर नव्हताच. दुपारची वेळ. दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन. उसाच्या ट्रॅक्टरवरून पडलेला माणूस टेबलावर, डोक्याचा स्कॅन झालेला आणि चित्र जाईना. बरोबर त्याची बायको उभी. डॉक्टरांच्या आवाजामागं ती मला ऐकू येत होती. "काय म्हंत्यात? हलवायचं का हितंच ठिवायचं?"

मी तीच मागणी पुन्हा पुन्हा धाडत होतो. अप्पा मागं येऊन उभे राहिले. मला त्यांनी उठवलं नाही. माझ्याच खांद्यावरून म्हणाले, "सगळं पूस. लिही, बीडची वेस. मग पुण्याची वेस. दे धाडून."

दिलं. नकार आला. मी घाबरलो, अप्पा पुढं वाकले. "नकार बी वाच की. कुठून आलाय?" नकारात ठिकाण लिहिलेलं असतं. बीडच्या वेशीनं कळवलं होतं की माझ्यापुढं जागा शिल्लक नाही. "सांगितलं ना तिनं? आता कड्याच्या वेशीनं जा." कड्याची वेस लिहिली. मागणी गेली. स्क्रीन हिरवी झाली. दवाखान्याचा फोन अजून माझ्या कानाला. मी तोंड उघडणार, तोच अप्पांनी माझ्या तोंडापुढं हात धरला. दुसऱ्या फोनवर ते पुण्याला बोलत होते. "बीड बोलतोय. चित्र दिसतंय का? ... पेशंटचं नाव वाचा. ... परत सांगा." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "लागला."

त्या माणसाच्या डोक्यात रक्तस्राव नव्हता. पुण्याच्या डॉक्टरांनी तिथंच ठेवायला सांगितलं. त्याच्या बायकोनं फोन मागून घेतला आणि मला म्हणाली, "लई उपकार झाले, साहेब." मी 'साहेब' ह्या शब्दाला आयुष्यात एवढा कधी लाजलो नाही.

संध्याकाळी रिपोर्ट लिहायचा होता. मी लिहिलं, 'पुणे एरियाने पूर्वसूचना न देता राउटर काढला.' ते खोटं नव्हतं. अप्पांची परीक्षा पंधरा दिवसांवर आलेली. बीडची चूक लिहिली तर ती केंद्रप्रमुखाच्या, म्हणजे त्यांच्याच नावावर चढणार होती. मी कागद त्यांच्यापुढं ठेवला आणि तसं बोललोही.

त्यांनी चष्मा काढला. "दुपारी बीडच्या वेशीनं नकार दिला. तिनं खोटं ठिकाण सांगितलं असतं तर?"

"दुसरी वाट सापडली नसती."

"मग तू खोटं ठिकाण कावून लिहितोस?"

"अप्पा, तुमची खुर्ची जाईल."

"खुर्चीचं नंतर बघू. आधी ठिकाण खरं लिही."

मी लिहिलं, 'चूक बीड केंद्रात झाली, माझ्या हातून.' अप्पांनी मला ते परत वाचायला लावलं.

परीक्षेला आम्ही दोघं एसटीनं संभाजीनगरला गेलो. ते पंधरा दिवस मी त्यांना इंग्रजी प्रश्न वाचायला शिकवत होतो. त्यांना सगळं येत होतं, माझ्यापेक्षा बरं येत होतं. मी बाहेर लिंबाच्या झाडाखाली बसलो. ते बाहेर आले आणि चपला घालता घालता म्हणाले, "वेळ सरला. पाऊणच पेपर झाला."

"का? अवघड होता?"

"सोपा होता. पण परत वाचल्याबिगर उत्तर कसं द्यायचं बे? परश्न दोनदा वाचला, उत्तर निवडलं की ते दोनदा वाचलं. घड्याळ कुणासाठी थांबतंय?"

निकालात त्यांनी सोडवलेला एकूण एक प्रश्न बरोबर होता आणि ते नापास होते.

एसटीत खिडकीशी बसून ते बाहेर बघत राहिले. गेवराई मागं पडल्यावर ते म्हणाले, "खड्डे बघायचं काम वाईट न्हाई. चालणं व्हतं." मग पुष्कळ वेळानं, खिडकीकडंच तोंड ठेवून म्हणाले, "पण दत्ता, खड्ड्यात फोनवर पलीकडचं कुणी नसतंय." मला इंजिनिअर न म्हणता नावानं हाक मारायची ती त्यांची पहिलीच वेळ.

मुख्य ऑफिसात मी कुणाला ओळखत नव्हतो. मला माहीत होत्या फक्त फरीदा मॅडम, त्याही आवाजापुरत्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांना चार ओळी लिहिल्या. परीक्षेचं काय झालं ते लिहिलं, खुर्चीवर मला बसवणार आहेत तेही लिहिलं, आणि म्हटलं, मॅडम, बीडचा आवाज राहावा असं तुम्हाला वाटत असेल तर कृपा करून पुढं विचारा. पुढं म्हणजे कुणाला, ते मला ठाऊक नव्हतं. ते त्यांच्यावर सोडलं.

आठवडाभर काही नाही. अप्पांनी कपाटातली आपली वही, डबा, पंचा पिशवीत भरून ठेवला. मी रोजचं काम करत होतो आणि मला भिंतीवरच्या त्या फ्रेमकडं बघवत नव्हतं.

मग कागद आला. वर मुख्य ऑफिसचं पत्र आणि खाली जोडलेल्या चिठ्ठ्या, शेवटची सगळ्यात आधी. सगळ्यात वर पुण्याच्या जोशींची. 'बीडने स्वतःची चूक स्वतः लिहून पाठवली. ती आमच्यावर ढकलणे सोपे होते. ह्या माणसाच्या शब्दावर मी न तपासता सही करतो.' त्याखाली लातूर केंद्राची, मग नगरची, मग फरीदा मॅडमची. मॅडमनी केंद्राकेंद्रानं पुण्यापर्यंत विचारलं होतं, प्रत्येकानं होकार आपल्या मागच्याला लिहिला होता आणि सगळा गठ्ठा मॅडमनी मुख्य ऑफिसला धाडला होता. मी अप्पांना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी परत वाचायला सांगितलं नाही. उठले आणि पंख्याचा आवाज आला म्हणून मशीनच्या खोलीत गेले. पंखा नीट चालला होता.

मुख्य ऑफिसनं अर्धंच मान्य केलं होतं. नियमाप्रमाणे केंद्रप्रमुख मी, पण शेटे रिटायर होईपर्यंत केंद्रातच राहतील. अप्पा पिशवीतून डबा काढत म्हणाले, "सही तुझी, आवाज माझा. चालतंय की."

रिटायरमेंटपर्यंत तसंच चाललं. खुर्चीवर कोण बसायचं ह्याचा आमच्यात रोज वाद व्हायचा, म्हणून बहुतेक वेळा ती रिकामीच असायची.

शेवटच्या दिवशी चांदभाईनं वर येऊन हार घातला. पेढे झाले. अक्का दारात उभ्या, खाली रिक्षा थांबलेली. सगळे निघा निघा म्हणत असताना अप्पा फोनपाशी गेले आणि मला जवळ उभं केलं.

"बीड बोलतोय," ते म्हणाले. पलीकडं फरीदा मॅडम होत्या. "उद्यापासून हितला आवाज बदलंल. नाव लिहून घ्या. दत्ता सोपान. गाव चकलांबा. पुण्यापर्यंत सांगा. मी थांबतो."

आणि थांबले. अक्का म्हणाल्या, "अवं, रिक्षावाला खोळंबलाय." त्यांनी हातानंच गप्प केलं. फोन कानाला, डोळे मिटलेले, गळ्यात झेंडूचा हार, कपाळावर भस्म. माझे वडील तेव्हा उसाच्या फडावर होते. आयुष्यभर त्यांचं, सोपान हे नाव ऊसतोड टोळीच्या यादीपलीकडं कुठं गेलं नव्हतं. ते नाव त्या घटकेला वेशीवेशीनं पुण्याला चाललं होतं.

बऱ्याच वेळानं फोनमध्ये आवाज आला. मला अंधुक ऐकू आलं, जोशींनी काय सांगितलं ते मॅडम वाचत होत्या. दत्ता सोपान. चकलांबा.

अप्पांनी डोळे उघडले. "परत सांगा," म्हणाले. परत ऐकलं. मग रिसिव्हर माझ्या हातात दिला, हार नीट केला आणि दाराकडं वळता वळता म्हणाले,

"लागला."